आमच्याकडे चित्र उलटं बघतात

चित्र कशाचं आहे, हे आमच्या घरात कुणी विचारत नसे. बाबा डोळे बारीक करून लांबून बघायचे, मग आई ते उलटं करून भिंतीला टेकवायची. उलट्या चित्रात नाक, डोळे, झाड दिसत नाही. नुसते काळे-पांढरे आकार दिसतात आणि तोल कुठे गेलाय ते लगेच कळतं. बाबांचे गोदावरीचे घाट आणि आईची माणसं मुंबई-दिल्लीच्या गॅलऱ्यांच्या भिंतींवर गेली ती आधी घरी अशी उलटी उभी राहूनच. माझ्या बालवाडीतल्या हत्तीचीही सुटका झाली नाही. "डावीकडे जड झालाय," आई म्हणाली होती. हत्तीच तो, जड असणारच, पण हे सांगणार कुणाला?

मी पहिलीत असताना, नव्वदच्या सुरुवातीला, मला भाऊ झाला. काही महिने होता, मग नव्हता. न्यूमोनिया झाला, एवढं शेजारच्या काकूंकडून कळलं. घरात कुणी अवाक्षर काढलं नाही. पाळणा गेला, दुपटी गेली. दोन चित्रकारांच्या घरात त्याचं साधं स्केचही नव्हतं. लवकरच आईने मला गंगापूर रोडच्या आमच्या घरातल्या खिडकीत बसवून चित्र सुरू केलं. "हलू नकोस," एवढंच ती दिवसभर बोलायची. ते चित्र खूप गाजलं. मुलीच्या डोळ्यांत केवढी शांतता आहे, असं पेपरात छापून आलं. शांतता कसली डोंबलाची! बाळ कुठंय हे विचारायला तोंड उघडलं असतं, तर हलले असते.

मोठेपणी मी कॉमिक्स काढायला लागले ती बहुधा यामुळेच. त्यात माणसांना बोलता येतं. बाबांना तो पोरखेळ वाटायचा. कॉलेज रोडवर झेरॉक्स काढून, स्टेपल मारून मी माझ्या पुस्तिका मैत्रिणींना वाटायचे. त्यांवर नाव घालत नसे, कारण नाव दिसलं की 'म्हणजे त्यांची मुलगी का तू?' हे आलंच.

एका उन्हाळ्यात मी भावाची गोष्ट काढली. शेवटच्या पानावर पाळण्यात बाळ, खिडकीत मी आणि माझ्या तोंडचा फुगा: 'आई, तो गेला हे मला कुणीच का नाही सांगितलं?' हे पान दोघांना दाखवायचंच, असं मी ठरवलं. ओरडले असते, रडले असते, काहीही चाललं असतं. मला उत्तर हवं होतं.

संध्याकाळच्या चहाला व्हरांड्यात मी पान पुढे केलं. बाबांनी डोळे बारीक केले. "काळा बरा वापरलायस," म्हणाले. आईने पान घेतलं आणि सवयीने उलटं करून कुंडीला टेकवलं. माझं वाक्य खाली डोकं वर पाय! माझा असा संताप झाला की कप आदळून मी उठलेच. इतकी वर्षं मनात धरलेला प्रश्न, आणि ही दोघं त्यात तोल शोधतायत.

"डोकं मोठं झालंय," आई म्हणाली.

"कुणाचं?" मी खेकसले.

"बाळाचं. एवढं नव्हतं त्याचं." तिने तळहाताचा खोलगट द्रोण करून दाखवला. "एवढंच होतं."

बाबांनी कप खाली ठेवला. आईने माझ्याकडून पेन्सिल मागून घेतली आणि पान मांडीवर सरळ केलं. फुग्यातलं तिने वाचलं असणार. पण पेन्सिल पाळण्यापाशी नेली आणि तिथेच थांबली. जन्मभर माणसांचे चेहरे काढलेली ही बाई.

"अहो," ती म्हणाली, "कपाळ कसं होतं हो त्याचं?"

बाबांनी पुन्हा डोळे बारीक केले. "नाही गं आठवत," म्हणाले.

मग दोघांनीही माझ्याकडे बघितलं. मी उभीच होते. बाळाचा तो चेहरा मीही अंदाजानेच काढला होता.