मोगरी लावणारे मोरेश्वरराव

अमेरिकेत, फ्रीमाँटमध्ये मोरेश्वररावांना कामच नव्हतं हो! मुलाकडे राहायला येऊन सहा वर्षं झाली, पण कशाला हात लावू देतील तर शपथ. झाडू उचलला की सून म्हणणार, ‘‘बाबा, तुम्ही बसा.’’ बसून बसून माणूस आंबतो, हे या शहाण्यांना कोण सांगणार?

शेजारची रेणू शाक्य मूळची नेपाळची, तिथल्या नेवार समाजातली. तिच्या मंडळींनी यंदा रस्त्यावर मच्छिंद्रनाथाचा रथ काढला. मूर्ती एकच, हिंदू तिला मच्छिंद्रनाथ म्हणतात, बौद्ध लोकेश्वर. दोर ओढायला दोघेही, वर हौसेने आलेले आपले सनीव्हेलचे मराठी. मोरेश्वररावांना अर्थातच फुटपाथवर खुर्ची.

आता त्या रथाला ना स्टिअरिंग, ना ब्रेक. चाकाखाली लाकडी पाचर सारून त्याला वळवायचं, थांबवायचं. ते काम शिव नावाच्या चिप इंजिनिअरकडे. पोरगा हुशार, पण पहिल्याच कोपऱ्यावर गडबडला. वळायचं उजवीकडे, आणि यानं पाचर घातली डाव्या चाकाला! रथ निघाला थेट कडेच्या नव्याकोऱ्या गाडीवर. ‘‘स्टॉप! स्टॉप!’’ सगळे ओरडले, पण उतारावर थांबतोय कोण?

खुर्ची उलटली. ‘‘अरे, उजव्याला मोगरी लावा, उजव्याला!’’ मोरेश्वरराव धावत सुटले. मोगरी म्हणजे हीच पाचर. खानदेशात गावच्या रथाला त्यांनी बावीस वर्षं ती लावली होती, आणि इथं कुणी कधी विचारलंसुद्धा नव्हतं. शिवनं डावीकडची ओढून काढली, तोवर यांनी दुसरी उचलून फिरत्या उजव्या चाकाखाली तिरकी सारली आणि पाय झटकन मागे घेतला. कर्रर्र! रथ वळला. गाडी वीतभरानं वाचली.

मुलगा शार्दूल पांढराफटक. ‘‘बाबा, पाय गेला असता! चला घरी.’’

‘‘गेला का? नाही ना? मग!’’

तरी शार्दूलनं दंड धरून त्यांना बाजूला नेलंच. संपलं सगळं, असं मोरेश्वररावांना वाटलं, आणि फार वाईट वाटलं. तेवढ्यात रेणू धापा टाकत आली.

‘‘काका, अजून तीन वळणं आहेत. तुम्ही लावा. शिव तुमच्या हाताखाली राहील.’’

मोरेश्वररावांचे डोळे भरून आले. त्यांनी मुलाचा हात सोडवला, पँट घोट्याच्या वर दुमडली आणि शिवच्या पाठीत धपाटा घातला.

‘‘चल रे इंजिनिअर, आधी उजवं-डावं शिकवतो.’’