तांडेलिणीची कुजबुज

समुद्रकाठच्या आमच्या नवापूरच्या मासळीबाजारात तांडेलीण भावावरून भांडायला लागली की पलीकडच्या आळीत झोपलेली मांजरं उठून बसायची. असा खणखणीत गळा! पण नवऱ्याला पत्र सांगायला माझ्या खोलीत आली, की आधी दार लावायची आणि माझ्या कानाशी येऊन कुजबुजायची. "अहो मावशी, ऐकूच येत नाही, लिहू काय कपाळ?" म्हटलं तर ओठांवर बोट ठेवायची.

नवरा तिचा तांडेल, बोटीचा कप्तान. गुजरातेतल्या एका मालकाची बोट घेऊन गेला होता. इंजिन बंद पडलं, बोट वाहत हद्दीपार गेली आणि सगळे खलाशी कराचीच्या तुरुंगात. मी गावच्या शाळेतली बाई, शेजारी भाड्यानं राहणारी, म्हणून पत्रं लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं. त्याचं पहिलं पत्र आलं ते फोडलेलंच, मधल्या ओळींना काळं फासलेलं. तांडेलिणीनं ते काळं नखानं खरवडून पाहिलं आणि भडकलीच.

"माज्या घरवाल्याचं बोलणं आदी शिपायानं ऐकायचं, मंग मी? अंग कोंडलंत ना त्याचं, मंग आता जीभ पण कोंडनार?"

उत्तराच्या शेवटी तिनं जे सांगितलं, ते बोट निघताना ती दर खेपेला म्हणायची. "चिमणीचा तांबडा दिवा न् देवळाचं शिखर एका रेघेत आलं, की वळा. मी भात ठेवते." चिमणी म्हणजे गावाशेजारच्या अणुवीज केंद्राची. बाकी जगाला तिथं काय चालतं ते चालो, आमच्या कोळ्यांना ती घराकडे वळायची खूण. मीही टपोऱ्या अक्षरात लिहून टाकलं.

पंधरवड्यानं मी शाळेतून घरी यायला आणि दाराशी जीप थांबायला एकच गाठ पडली. साध्या कपड्यांतले दोन पोलीस उतरले. साहेबाच्या हातात आमचं पत्र. "अणुकेंद्राची दिशा परक्या मुलखात कोणी कळवली?" माझी तर पाचावर धारण बसली. नोकरी गेली, अब्रू गेली, आता बेड्या!

जीप पाहून तांडेलीण शेजारून आली आणि पुढे झाली. "हात बाईंचा, बोलणं माजं. बाईंना कायबी करू नका." मग साहेबाला म्हणाली, "चला बंदरावर." नुकत्याच लागलेल्या बोटीवरच्या म्हाताऱ्या तांडेलाला तिनं विचारलं, "काका, घर कसं गावतं तुमाला?" तो जाळं झटकता झटकता म्हणाला, "चिमणी न् शिखर एका रेघेत आलं का वळतो. का गं?"

साहेबानं वळून चिमणी आणि शिखर पाहिलं, आम्हाला सोडून दिलं. पत्र मात्र त्यानं परत दिलं नाही. "यापुढे नुसती खुशाली. पुन्हा असं काही सापडलं, तर नवरा सुटायची आशा सोडा."

ते बोलणं तिच्या काळजात रुतलं. रस्त्यावर जीप वाजली की बाजारात तिचा आवाज बसायचा, गिऱ्हाईक भाव पाडून मासळी न्यायचं. पत्रात एवढंच, 'आम्ही सुखरूप आहोत.' पण पाकीट चिकटवण्याआधी ती कागद माझ्या हातातून घ्यायची, भिंतीकडे तोंड करून ओठांशी धरायची आणि बराच वेळ कुजबुजायची. "हे नाय वाचता येनार त्यांना," म्हणायची. मला भरून यायचं, आणि भीतीही वाटायची.

तांडेल सुटून आला तेव्हा सगळी आळी दारात जमली. हाडांचा सापळा. जाळं ओढणाऱ्या माणसांना वाऱ्यावरून हाका घालणारा हा गडी, बायकोकडे पाणी मागतानाही दाराकडे बघत पुटपुटला. कोणाला ऐकू जाऊ नये अशी सवयच लागलेली. तांडेलिणीनं तांब्या खाली ठेवला. काही वर्षं गिळलेला तो खणखणीत आवाज फुटला.

"अवो, मोठ्यानं बोला! घर हाय हे आपलं!"

मग तीच हुंदके द्यायला लागली. मी सगळ्यांना हाकललं, आणि त्यांचं दार बाहेरून घट्ट ओढून घेतलं.