चौथी पास आत्या आणि सहा चाकी ट्रक

आत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी अकरावीच्या पेपरला पर्यवेक्षक होते. फोन मुका करून ठेवला होता, तरी टेबलावर तो थरथरत राहिला. बाहेर येऊन घेतला, तर पलीकडून आतोबा एवढंच म्हणाले, "आत्या गेली गो तुझी…" दोन दिवसांच्या तापाचं निमित्त झालं. आज दोन महिने झाले. समाचाराला माणसं अजून येतात. चहाचा कप हातात घेतात, उसासा टाकतात आणि मागच्या अंगणाकडे बघून हळूच विचारतात, "आणि आता गाडी?" आत्या असती तर म्हणाली असती, "बघा, माझ्यापेक्षा गाडीचीच काळजी जास्त!" आणि स्वतःच सगळ्यांत मोठ्यानं हसली असती.

माझी सुलाआत्या आणि आतोबा यांचा झाडं तोडण्याचा धंदा. घरावर कललेला फणस, विजेच्या तारेत घुसलेल्या फांद्या, वादळानं आडवा केलेला आंबा, असलं काम. परवानगीचे कागद आले की दोर, करवत आणि चार माणसं घेऊन निघायचं. पेणजवळच्या आमच्या गावात दोघांनी एका छोट्या टेम्पोवर सुरुवात केली. टेम्पो आत्या चालवायची. पण टेम्पोत मोठा बुंधा मावत नाही. त्याचे तुकडे करावे लागतात आणि तुकडे केलेल्या लाकडाला वखारवाला नाक मुरडतो. म्हणून जुना सहा चाकी ट्रक घेतला आणि तो आतोबा चालवू लागले. अख्खे बुंधे रोह्याच्या वखारीत जायला लागले तेव्हा आत्या गाडीच्या बाजूला उभी राहून नव्या सुनेकडं बघावं तशी गाडीकडं बघायची.

मग एक दिवस लाकडाचा कपचा उडून आतोबांच्या डोळ्यात गेला. डोळा वाचला, नजर उणी झाली. परवान्याचं नूतनीकरण आलं तेव्हा डॉक्टरांनी सरळ सांगितलं, मोठी गाडी आता नाही. ड्रायव्हर ठेवून बघितले, पण आमच्या भागात जड गाडीचा ड्रायव्हर टिकवणं कठीण. शिफ्ट, गणवेश आणि वेळेवर पगार असला की माणूस डोलवीच्या बाजूला कंपनीच्या कामाला जातो, त्यात त्याचं काय चुकलं? तिसरा ड्रायव्हर गेला त्या संध्याकाळी आत्या माझ्याकडं आली. म्हणाली, "मीच मोठ्या गाडीचं लायसन काढते. तू फॉरम भर."

मी आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट. हे मी मोठेपणासाठी सांगत नाही… खरं तर सांगतेच. माझ्या वडलांचा अंगठा होता, आत्या चौथीपर्यंत. माझा निकाल लागला तेव्हा तिनं रामवाडीच्या नाक्यावर टेम्पो उभा करून ओळखीच्या-अनोळखी सगळ्यांना पेढे वाटले होते. त्यामुळे माझा शब्द म्हणजे तिला सरकारी शिक्का. आणि मी काय केलं? पुस्तकात कधीतरी वाचलेलं आठवलं आणि जागेवरून न उठता म्हणाले, "आत्या, ट्रकच्या परवान्याला आठवी पास लागतं. नाही होणार."

ती "बरं" म्हणाली. एवढंच. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर भांडली असती, चार ठिकाणी विचारून आली असती. शिकलेल्या पोरीनं सांगितलं म्हणून गप्प बसली आणि गाडीला गिऱ्हाईक बघायला लागली.

दीडेक महिन्यानं माझ्या स्कूटरच्या कागदांसाठी मी आरटीओत गेले होते. रांगेत माझ्यापुढचा माणूस ट्रकच्या परवान्याचा अर्ज सहीऐवजी अंगठा लावून देत होता. मी खिडकीत विचारलं, तर आतले गृहस्थ म्हणाले, "ती आठवीची अट कधीच गेली, मॅडम." स्कूटर तशीच गावाकडं पळवली. अंगणात एक जण ट्रकच्या टायरवर बुटानं ठोकून बघत होता आणि आत्या त्याला चहा देत होती. मी दारातूनच ओरडले, "आत्या, आठवी लागत नाही! मी चुकले!"

ती माझ्याकडं बघत राहिली. "तू न बघता सांगितलंस?"

मी मान खाली घातली. ती त्या माणसाकडं वळली, "चहा संपवा दादा, साखर आणखी देऊ का? गाडी मात्र नाय द्यायची."

त्यानंतर ती शिकायला लागली. पहिल्या चाचणीत नापास झाली आणि ती गोष्ट तिनं मरेपर्यंत रंगवून सांगितली. त्यांच्या कामाचा एक नियम आहे. करवत लावण्याआधी झाडाला पूर्ण फेरी मारायची, मागं कोण उभं आहे ते डोळ्यांनी बघायचं. तर मैदानावर साहेब म्हणाले, "गाडी मागे घ्या." आत्यानं हँडब्रेक ओढला, साडीचा काष्टा सावरत खाली उतरली, गाडीमागं जाऊन नीट बघितलं आणि पुन्हा चढायला लागली.

"अहो बाई, परीक्षा चालू असताना उतरायचं नसतं!"

"मग मागं कोण हाय ते कळणार कसं?"

"आरसे कशाला दिलेत?"

"चाकामागं बसलेलं कुत्रं आरशात दिसत नाय, साहेब."

साहेब हसले म्हणे, पण नापास केलंच. दुसऱ्या खेपेला उतरली नाही. "पाय बांधून ठेवल्यासारखं वाटलं गो," म्हणाली, पण पास झाली. नंतर मात्र जन्मभर उतरूनच बघितलं. वडखळच्या टपरीवर कुणीतरी खवचटपणे विचारलं होतं, "मावशे, एवढी मोठी गाडी घेऊन कुठं?" आत्या म्हणाली, "रोह्याला. तुला सासरी सोडू?" पुढं तोच गडी तिला बघितलं की आधी चहा सांगायचा.

आणि एक गोष्ट मला अजून टोचते. माझी चूक तिनं कुणालाही सांगितली नाही. परवान्याचं कार्ड दाखवताना सगळ्यांना सांगायची, "आमच्या पोरीनं नियम शोधून काढला, म्हणून झालं." मी एकदा म्हटलं, "आत्या, खरं सांग की." तर म्हणे, "खरंच तर सांगतेय. शोधलास ना? उशिरा शोधलास एवढंच."

ती गेल्यापासून ट्रक मागच्या अंगणात उभा आहे. आतोबा या महिनाअखेरीला कुणाला तरी गाडी विकायचा शब्द देणार होते. गेल्या रविवारी मला म्हणाले, "बॅटरी उतरेल. तुझ्याकडं कारचं लायसन हाय ना? अंगणात जरा पुढं-मागं कर. आणि सीट तुझ्या पायाला लावून घे, खाली खटका हाय. गॅरेजवाला तिला शिव्या द्यायचा, गुडघे स्टेअरिंगला लागायचे त्याचे."

मी चढले. सीट अगदी पुढं ओढलेली, पाठीला गोधडीची घडी. खटक्यासाठी हात खाली घातला आणि तसाच मागं घेतला. आमच्या घराण्यातल्या सगळ्या बायका बुटक्या. माझे पाय क्लच-ब्रेकवर पुरेपूर टेकले होते.

"लागली का सीट?" खालून आतोबांनी विचारलं.

"लागलेलीच आहे," मी म्हटलं. "आतोबा, शब्द देऊ नका कुणाला."