चादरीखालचा दगड

रणात पडलेल्या वीराचे नाव दगडावर कोरले की तो अमर होतो, असे म्हणतात. लढाई संपून वर्ष होत आले होते आणि आमच्या घरात सगळ्यांना या अमरपणाचीच धास्ती होती. थोरला भाऊ पलटणीबरोबर ब्रह्मदेशात गेलेला, दीड वर्ष पत्र नाही, आणि अचानक कचेरीतून निमंत्रण आले: साताऱ्यात स्मारकाचे अनावरण आहे, घरच्यांनी पुढच्या रांगेत बसावे. पुढची रांग कशासाठी, हे विचारायचे धैर्य कुणालाच झाले नाही.

दगडावर पांढरी चादर टाकलेली होती. साहेब उशिरा आले आणि भाषणे लांबत गेली. शेजारी वहिनी बसली होती. तिला वाचता येत नव्हते, आणि नवऱ्याचे नाव तोंडाने घ्यायचे नाही म्हणून कुणा शिपायाला विचारताही येत नव्हते. शेवटी ती मला म्हणाली, "भावजी, चादर निघाली की आधी ह्यांचंच बघा. हाय म्हनू नका, न्हाई म्हनू नका. नुसती मान हलवा."

"कशी हलवू?"

"देवा, ते बी मीच सांगू व्हय?"

बँड वाजला, चादर खाली आली. वहिनी दगडाकडे न बघता माझ्या मानेकडे बघत होती. मी दगड वरपासून खालपर्यंत दोनदा वाचला. किती गेले आणि किती परतले नाहीत, एवढे दोन आकडे त्यावर होते. नाव एकच होते, चादर ओढणाऱ्या साहेबांचे, सगळ्या पदव्यांसह.