मुलुंडचा शब्द

"अरे, हे तर सगळं वाचता येतंय!"

माझ्या पाठीमागे कुणीतरी म्हणालं. ऐंशीच्या दशकाची शेवटची वर्षं. मुलुंडच्या रक्ततपासणी केंद्राचे रिपोर्ट टेलिफोनच्या तारेवरून आमच्या अंधेरीच्या ऑफिसात यायचे. त्या दिवशी काहीतरी बिघडलं म्हणून तारेवरून काय जातंय ते दाखवणारं यंत्र जोडलं होतं. त्याच्या हिरव्या पडद्यावर एका बाईचं नाव, वय आणि ती गरोदर असल्याचा निकाल उमटला.

"बारसं कधी?" एकाने विचारलं. दोघं-तिघं हसले.

आमच्यातल्या एकीने आपली पर्स उचलून पडद्यासमोर उभी केली. "व्हा बाजूला. तुझ्या बहिणीचा रिपोर्ट असता तर?"

तुमच्याही ऑफिसात अशी एखादी असेल. आमच्यातली ती सगळ्यांत जुनी प्रोग्रामर. मूळची मालवणची, राहायला विक्रोळीच्या चाळीत. तारेवरून उघडं काही पाठवणं म्हणजे तिच्या मते गॅलरीतून ओरडणं. "समोरच्या चाळीलापण कळतं गं."

मग तिने प्रोग्राम लिहिला. मुलुंडहून निघताना अक्षरांची सरमिसळ व्हायची, अंधेरीत ती परत जुळायची. मधल्यामध्ये कुणी ऐकलं तर नुसता कचरा. त्यासाठी दोन्हीकडे एकच गुप्त शब्द लागे. दर सोमवारी ती तो बदलायची आणि स्वतः बसने मुलुंडला जाऊन तिथल्या ऑपरेटर मुलीच्या कानात सांगून यायची. येताना केळ्याचे वेफर्स आणायची.

"फोनवर मालवणीत सांगा की," सर एकदा म्हणाले.

"टेलिफोन एक्सचेंजात माझो मामेभाव आसा, साहेब. तोच पयलो ऐकतलो."

एका सोमवारी ती तापाने आजारी पडली. सरांनी नवा शब्द मुलुंडला कळवला. कसा? त्याच तारेवरून, रिपोर्ट सुरू व्हायच्या आधी, उघडा. आमच्यापैकी कुणालाच त्यात काही चुकलंय असं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी हे कळल्यावर ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. "कुलूप लावलंत आणि चावी त्यालाच बांधून ठेवलीत!" मग अंगात कणकण असतानाच मुलुंडला निघाली. "चल गं, तूपण."

कॉन्व्हेंटमधलं माझं मराठी अडखळायचं, म्हणून मी ऑफिसात गप्प असे. बसमध्येही गप्पच होते. ती खिडकीला डोकं टेकून म्हणाली, "तू बरी आहेस. तुझ्या पोटात गोष्ट राहते."

पुढे तिच्या नवऱ्याची रत्नागिरीला बदली झाली आणि तिने नोकरी सोडली. त्यानंतरच्या पहिल्या सोमवारी सर म्हणाले, "आता मुलुंडला कोण धावणार? एक शब्द तर आहे. द्या पाठवून तारेवरून." सगळ्यांनी माना डोलावल्या. तिच्या रिकाम्या खुर्चीवर कुणीतरी प्रिंटआउटचे गठ्ठे ठेवले होते.

मी उभी राहिले. सगळे माझ्याकडे बघू लागले, कारण मी मीटिंगमध्ये कधी बोलतच नसे.

"गॅलरीतून नको, सर. मी जाते मुलुंडला."