तांदळात नाव लिहिण्यापूर्वी

उल्का मिरीकर परदेशात, बेडोकला मुलाकडे राहायला आली तेव्हा तिच्या सामानात कपड्यांपेक्षा जुन्या मासिकांच्या झेरॉक्स जास्त होत्या, असं तिचा मुलगा सौमित्र अजून सांगतो. पुण्यात तिने पस्तीस वर्षं शिकवलं. सुट्ट्यांमध्ये खानदेशापासून बेळगावपर्यंत हिंडून तिने विसरलेल्या लेखिका शोधल्या, कोणाच्या माळ्यावर, कोणाच्या फडताळात.

आता तिची नजर मधोमध विरत चालली आहे. माणसाचा चेहरा दिसत नाही, त्याच्या कडेचं झाड दिसतं. म्हणून दर गुरुवारी चार वाजता मी शेजारच्या टॅम्पिनीसहून येते आणि ईस्ट कोस्टच्या समुद्रकाठी बाकावर बसून तिला प्रुफं वाचून दाखवते. समोर जहाजं उभी असतात. ती हलतात की नाही, हे मला तीन वर्षांत कळलेलं नाही. वाचता वाचता माझा आवाज मलाच लांबून येऊ लागतो.

त्या वेळची प्रुफं तिच्या पहिल्या पुस्तकाची होती, नव्या आवृत्तीची. त्यातल्या ‘न भेटलेल्या दोघी’ या प्रकरणामुळे उल्काचं नाव झालं. दोघींपैकी एक चोपड्याची वेणू पुराणिक. एकोणिसाव्या वर्षापर्यंत पाच कथा लिहिल्या आणि पुढे काहीच नाही. ती अकाली गेली असावी, असं उल्काने लिहिलं होतं. दुसरी बेळगावच्या सुधाबाई हुक्केरीकर. त्यांच्या कथा पुढे सात वर्षांनी सुरू होतात. त्यांच्या एका कथेतली बाई भरताची वांगी भाजायला कपाशीच्या काड्या हव्यात म्हणून अख्खं बेळगाव पालथं घालते. ही रीत वेणूच्या खानदेशातली, तिच्या कथेतही आलेली. तेव्हा सुधाबाईंनी वेणूला वाचलं असणार, असा उल्काचा सिद्धांत. तो कॉलेजांतून शिकवला जातो.

१४ मार्च २०२४ला मी नाचणीचे लाडू नेले होते. उल्काने डब्याचं झाकण मांडीवर घेतलं. त्यावरच्या ठिपक्याठिपक्यांच्या अक्षरांवरून तिचं बोट फिरत राहिलं.

“चि. सौ. कां. नलिनी,” ती म्हणाली. “ही कोण?”

“मीच. मावशीने लग्नाआधी नाव घालून आणला होता. मग तांदळात अरुणा लिहिलं. डबा तसाच राहिला.”

उल्काने स्वतःच्या लग्नात तांदळाचं ताट परत पाठवलं होतं, भटजी कुरकुरले तरी. विद्यार्थिनींना ती दरवर्षी बजावायची की कुठलीही लेखिका सापडली की आधी माहेरचं नाव विचारा. तिने मला वेणूच्या शेवटच्या कथेची तारीख वाचायला सांगितली. चैत्र, १९३४. मग तळटीपेतलं सुधाबाईंचं लग्न. वैशाख, तेच वर्ष. दोन्ही तारखा तिनेच दिलेल्या, दोन पानांच्या अंतराने.

तिने तोंड पाण्याकडे वळवलं.

“अरुणाताई, मी त्यांच्याकडे जेवले आहे हो,” ती म्हणाली.

ऐंशी साली ती सुधाबाईंना भेटायला बेळगावला गेली होती. ओटीवर मुलगे, सुना, सगळे बसलेले. वेणू पुराणिक वाचली आहे का, असं तिने विचारलं. सुधाबाई किंचित हसल्या आणि म्हणाल्या, “वाचली आहे थोडी. संसाराला लागली असेल.” मग त्यांनी पानात भरीत वाढलं. उल्काने घाईघाईने उत्तर वहीत टिपलं आणि पुढचा प्रश्न विचारला.

मी तिला म्हटलं, पुस्तक एक तारखेला छापायला जाणार, आता कोणाला कळणार आहे? शिवाय दोघी एकच, हा नुसता अंदाज. त्या प्रकरणावर तिची सारी पुण्याई उभी होती.  तिने फक्त फोन मागितला आणि बेळगावात शिकवणाऱ्या ऋताला, तिच्या जुन्या विद्यार्थिनीला, हुक्केरीकरांकडे जाऊन जुनी भांडी बघायला सांगितलं. पुस्तकं नकोत, भांडी.

पुढच्या गुरुवारी ऋताचा फोटो आला. माळ्यावरचं पितळी पातेलं, चिंचेने घासलेलं. मी फोन डोळ्यांजवळ धरून वाचलं: “चि. सौ. कां. वेणू हिस मामांकडून, शके १८५६.” म्हणजे १९३४. खाली ऋताने लिहिलं होतं की घरात कोणालाच ही वेणू कोण ते ठाऊक नाही. सुधाबाई आजी शहाण्णव साली गेल्या.

मला वाटलं, उल्का आता कोसळेल. तिने बोटांवर हिशेब केला, पुन्हा केला, आणि हसू लागली. गालांवरून पाणी येत होतं, ते तिने पुसलं नाही.

“मी तिला एकोणिसाव्या वर्षी मारून टाकलं होतं,” ती म्हणाली. “आणि ती मला वाढत होती.”

जहाजांवर ऊन पिवळं होत गेलं. तिने मला ‘न भेटलेल्या दोघी’वर काट मारायला लावली, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, बावीस पानं. प्रकाशकांना थांबावं लागेल, म्हणाली. मग नवा कागद घ्यायला सांगितला. मी सवयीने वर तारीख आणि वेळ घातली, पाच वाजून दहा मिनिटं. तिने सावकाश सांगितलं आणि मी लिहून घेतलं:

“वेणू पुराणिक एक्याऐंशी वर्षं जगली. मी तिच्या हातचं जेवले आहे.”