एका पत्त्यावरच्या दोन सौ. जोशी

सुलतान बाजारात कॉम्प्युटरची दुकानं नुकती निघाली होती, तेव्हाची गोष्ट. आमचं बरकतपुऱ्याचं आणि हिमायतनगरचं महिला मंडळ एक झालं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाची कार्डं पाठवायची, म्हणून दोन्ही याद्या एक करून घ्यायला मी तिथल्या एका दुकानात गेले. चपला बाहेर काढायच्या आणि आत एसीनं हे गार! ऑपरेटर तिशीतला, स्वेटर घालून बसलेला. नाव दोनदा आलं की खोडण्याआधी बोट हवेत धरायचा आणि माझ्याकडे बघायचा.

"आंटी, सौ. जोशी, पता एकीच. एक उडादूं?"

"ठैर रे बाबा!" मी ओरडलेच. मग सांगितलं, या सासू-सुना. घर एक, चुली दोन. सासू या मंडळात, म्हणून सून मुद्दाम त्या मंडळात. एकच कार्ड गेलं तर दोघीही यायच्या नाहीत.

तो खुर्चीत मागे रेलून हसला. "हमारे घर में शादी का कार्ड, रुक्का, एकीच आया आंटी. अम्मी बोले भाभी का है, भाभी बोले अम्मी का. दोनों नै गए. बिर्यानी गई ना सबकी!"

त्यानं दोन्ही जोशी ठेवल्या. शिवाय यादीत त्या दोघींच्या मध्ये चार बायका आणून बसवल्या. म्हणाला, "अब नै लडते."

संक्रांतीला दोघी आल्या, आपापलं कार्ड घेऊन, पण एकाच ऑटोनं. बोलत नव्हत्या. तरी उतरताना सासूचा पदर अडकेल म्हणून सुनेनं तो उचलून धरला होता. तेवढं बघायला तो स्वेटरवाला तिथं हवा होता बाई!